तापणारा लॅपटॉप आणि खान्देशातील कापड दुकानदार

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या कापड बाजारात एक तक्रार हमखास ऐकू येते : लॅपटॉप चालता चालता आपोआप बंद पडतो. दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक समोर बसलेले असताना किंवा विवरणपत्राची शेवटची रक्कम भरताना पडदा काळा होतो. मग कोणी कंपनीला दोष देतो, कोणी विजेला, तर कोणी दुरुस्तीवाल्याला. काही जण चांगले चालू शकणारे यंत्र मातीमोलाने विकून नवे आणतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत नवेही तसेच वागू लागते. आमच्या मते बहुतेक वेळा दोष यंत्राच्या बनावटीत नसतो. कापूस आणि ऊन यांच्या मुलखात हे यंत्र आले, पण त्याची निगा राखण्याची रीत बाजारात अजून रुजलेली नाही. खरे दुखणे तेथे आहे.

गल्ल्याशेजारी संगणक कसा आला?

कापडाच्या दुकानात संगणक हौसेने आलेला नाही. 1957 साली केंद्र सरकारने कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर बसवला. तेव्हापासून कापडाच्या दुकानदाराचा विक्रीकराच्या कचेरीशी फारसा संबंध उरला नव्हता. लाल कापडाच्या बांधणीची वही, बिलबुक आणि मुनीम एवढ्यावर दोन पिढ्यांचा व्यवहार झाला. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि हे चित्र पालटले. त्या महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला तो याच कारणाने. कराच्या दरापेक्षा लिखापढीची धास्ती मोठी होती. पुढे 2018 साली ई-वे बिल आले.

आज मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-1 पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरावे लागते. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये, व्यवहार शून्य असला तरी 20 रुपये विलंब शुल्क लागते. कराची रक्कम थकली तर तिच्यावर सालाना 18 टक्के व्याज वेगळे. सुरतेहून आलेला 50 हजारांवरचा माल पसंत नाही म्हणून परत पाठवायचा असला तर ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद पडणे म्हणजे दुकानाला कुलूप लागण्यासारखेच. शिवाय ही अडचण नेमकी आखाजी आणि लग्नसराईच्या दिवसांत येते. वर्षाची निम्मी कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची, त्याच महिन्यांत पाराही चढलेला असतो.

यंत्र बंद पडते ते कशासाठी?

एक गोष्ट प्रथम लक्षात घेणे अगत्याचे आहे. तापून बंद पडणारा लॅपटॉप आपला जीव वाचवत असतो. त्याच्या आतील प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या मर्यादेजवळ गेल्यावर यंत्र आधी आपली चाल मंद करते आणि तरीही ताप उतरला नाही तर स्वतःहून बंद होते. बंद झाले नाही तर आतला भाग जळेल. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो ती खरे तर राखण आहे.

आता खान्देशाचा हिशेब मांडू. समजा कामाच्या भरात प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा 55 अंश जास्त तापतो. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत तो 80 अंशांवर राहील आणि यंत्र बिनबोभाट चालेल. तेच यंत्र 43 अंशांच्या दुकानात ठेवले तर 98 अंश. मर्यादेला अवघे दोन अंश उरले. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जाणे नवलाचे नाही आणि धुळ्यातील पत्र्याच्या छताखालच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तर हवा याहूनही कढत असते. पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे छापलेले असते. ते पान कोणी वाचत नाही. दुकानदार सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

रुई आणि गादी

उष्णतेच्या जोडीला आपल्या धंद्याची दोन खास कारणे आहेत. पहिले कारण रुई. तागा उलगडला, थान झटकले, कापड फाडले की बारीक तंतू हवेत उडतात. मागाच्या कारखान्यात तर दिवसभर उडतच असतात. लॅपटॉपचा पंखा हीच हवा आत ओढतो. धूळ आणि तंतू एकत्र येऊन पंखा आणि पात्यांची जाळी यांच्यामध्ये चक्क नमदा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, फुंकर मारली तर थोडी धूळही उडते, पण नमदा आतच राहतो. पंखा जोराने घरघरतो आणि हवा मात्र बाहेर येत नाही. मागावर काम करणाऱ्या कारागिराला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मागाची झाडपूस आणि तेलपाणी चुकले तर काय होते ते त्याला ठाऊक आहे. तोच कारागीर लॅपटॉपला मात्र चार-चार वर्षे उघडून पाहत नाही.

दुसरे कारण गादी. कापडाच्या पेढीवर गादी आणि तिच्यावर पांढरी चादर ही जुनी शान आहे. लॅपटॉप त्या गादीवर ठेवला जातो. बहुतेक लॅपटॉप हवा खालच्या बाजूने घेतात. मऊ गादीत तो रुतला की हवेची वाट बंद. यावर उपायही पेढीतच आहे. मुनीमजींचे उतरते लाकडी डेस्क अनेक दुकानांत माळ्यावर पडलेले आढळेल. ते खाली काढावे, पुसावे आणि लॅपटॉप त्यावर ठेवावा. वर तो घसरू नये म्हणून एक पट्टी ठोकली आणि मागची कड दोन बोटे उचलली की बाजारातल्या महागड्या स्टँडचे काम भागते.

दुखणे कोणते ते ओळखावे

प्रत्येक वेळी बंद पडण्याचे कारण उष्णताच असते असे मात्र नाही. पैसे खर्चण्यापूर्वी चार खुणा पाहाव्यात. अर्धा-पाऊण तास काम झाल्यावर पंखा ओरडू लागला, तळ हाताला चटका देऊ लागला, चाल मंदावली आणि मग यंत्र बंद पडले, शिवाय थंड झाल्यावर व्यवस्थित सुरू झाले, तर तो उष्णतेचा प्रकार समजावा. बॅटरी 30-40 टक्के दाखवत असताना एकाएकी बंद पडले आणि चार्जर लावल्यावर मात्र तासन् तास चालले, तर दोष बॅटरीचा. वीज जाताच बंद पडते, तर बॅटरी संपलेली आहे. सकाळच्या थंड वेळीही, काहीच काम नसताना बंद पडते, तर दोष आणखी खोल आहे आणि तेव्हा जाणकाराकडे जावे.

काही दुरुस्तीवाले विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील 41 क्रमांकाची नोंद दाखवून मोठा बिघाड सांगतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद झाले नाही. का बंद झाले हे ती सांगत नाही. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आकडा 90 च्या वर जाऊन बंद पडत असेल तर संशयाला जागा उरत नाही.

तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर उचललेला वाटला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर मात्र विलंब करू नये. बॅटरी फुगल्याची ती खूण आहे. कापडाच्या गोदामात अशी बॅटरी म्हणजे निखारा. चार्जर काढावा, यंत्र बंद करून कापडापासून दूर ठेवावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि जाणकाराकडून बदलून घ्यावी.

उपाय स्वस्त आहेत

लॅपटॉप उघडून पंखा व जाळी साफ करणे आणि प्रोसेसरवरचा सुकलेला थर्मल पेस्ट बदलणे हे काहीशे रुपयांचे काम आहे. हा पेस्ट प्रोसेसर आणि तांब्याचा भाग यांच्यामध्ये असतो आणि काही वर्षांनी वाळून भुकटी होतो. आमचा अनुभव असा की, मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलेली यंत्रे पुष्कळदा एवढ्यानेच पुन्हा चालू लागतात. म्हणून "आधी उघडून साफ करा, मग बोला" हे दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगावे आणि शक्य तर समोर बसून काम करून घ्यावे. घरी हवा मारायची तर यंत्र बंद करून, पंखा काडीने अडवून मारावी, नाही तर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा टाळावी. तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकारही आमच्या कानावर आला आहे. तसे कदापि करू नये, आत दव धरते.

कूलरची हवा खोली थंड करते म्हणून उपयोगी आहे, पण लॅपटॉप कूलरच्या थेट तोंडाशी नको. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट हा पर्याय दिसत असेल तर उन्हाळ्यापुरता तो 100 ऐवजी 99 टक्के करावा. बऱ्याच यंत्रांत त्याने जादा वेगाची धाव थांबते आणि ताप उतरतो. बिल बनवायला तो वेग लागतही नाही. मुलांनी उघडून ठेवलेले व्हिडिओ बंद करावेत. शक्य तर विवरणपत्राचे काम सकाळी उरकावे. 11 आणि 20 तारखांची दुपार पाहत बसू नये.

मोबाईल आणि सल्लागार

काही व्यापारी म्हणतात, एवढी उठाठेव कशाला? बिल मोबाईलवर होते आणि बाकीचे कर सल्लागार पाहतो. यात तथ्य आहे. छोट्या दुकानदाराचे काम मोबाईलवर भागत असेल तर त्याने खुशाल भागवावे. मात्र मोबाईललाही ऊन लागते आणि सल्लागाराला हिशेब द्यावाच लागतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न उधारीचा आहे. आपल्या भागात शेतकरी कापूस विकला की कापडाचे पैसे देतो. सहा-सहा महिन्यांची उधारी आता वहीत नसून लॅपटॉपमध्ये आहे. हिशेब लिहिला जात असताना यंत्र एकाएकी बंद पडले तर फाईल बिघडू शकते. मग कोणाचे किती हे कोणाच्या शब्दावर ठरवायचे? तो हिशेब देणारा आणि घेणारा या दोघांची अमानत आहे. म्हणून रोज दुकान वाढवताना त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, दुसरी आठवड्याला घरी न्यावी आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडते की नाही हे पाहावे.

नवे घेताना

ज्याला यंत्र घेऊन फिरायचे नाही, त्याने लॅपटॉप घ्यावाच का, असाही आमचा सवाल आहे. दुकानात एकाच जागी बसणाऱ्या कामाला डेस्कटॉप बरा. त्याची पेटी मोठी, हवा खेळती, चार स्क्रू काढले की कोणालाही साफ करता येते आणि एखादा भाग बदलणे स्वस्त पडते. वीज गेल्यावर काम सुरळीत बंद करण्यापुरता एक यूपीएस तेवढा लागतो. लॅपटॉपच हवा असेल तर रंग आणि वजन पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : तो किती अंशांपर्यंतच्या हवेसाठी आहे, हवा कोठून घेतो आणि तळ किती स्क्रू काढल्यावर उघडतो. गिऱ्हाईक विचारू लागले तर विकणाऱ्यालाही उत्तर ठेवावे लागेल.

शेवटी बाजाराच्या संघटनांना आमची एक सूचना आहे. दरवर्षी मार्चअखेर हिशेब मिटतात, त्याच सुमारास बाजारात दोन दिवसांचे सफाई शिबिर भरवावे. आपल्याच मोहल्ल्यांत आयटीआय शिकलेली आणि मोबाईल-संगणक दुरुस्तीत हात बसलेली मुले आहेत. ठरलेल्या वाजवी दरात त्यांनी प्रत्येक पेढीचे यंत्र उघडून साफ करावे. दुकानदाराचा खर्च वाचेल, मुलांना काम मिळेल आणि मे महिन्यात गिऱ्हाईक समोर असताना पडदा काळा होणार नाही. ज्या बाजाराने शंभर वर्षे माग आणि गिरणीचे कापड सांभाळले, त्याला वर्षातून एकदा एक पंखा साफ करणे जड जाऊ नये.