विजयांची बेरीज आणि प्रतिपक्ष

इ. स. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १८ तारखेस अमेरिकेंतील मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघानें मेरीलंडच्या संघावर ३१ विरुद्ध २४ असा जय मिळविला, आणि त्याबरोबर त्या युनिव्हर्सिटीचे एकंदर विजय एक हजार झाले. हा आकडा गांठणारा त्या देशांतील हा पहिलाच कॉलेज-संघ होय. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्या मुलांचा पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा व धांवणाऱ्यास अडवून पाडण्याचा तो खेळ आहे. परंतु विजयांची वही लिहिण्याची हौस आणि ‘आमचें कॉलेज, तुमचें कॉलेज’ हा अभिमान, यांस चेंडू लंबगोल काय आणि वाटोळा काय, सारखाच! म्हणून त्या दूरच्या हकीकतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचार करण्याजोगें पुष्कळ आहे असें आम्हांस वाटतें.

या खेळाचा पहिला आंतरकॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू ब्रन्सविक येथें झाला. बाजूस पंचवीस गडी. रटगर्सनें प्रिन्सटनवर ६ विरुद्ध ४ असा जय मिळविला, आणि एका आठवड्यानें प्रिन्सटननें ८ विरुद्ध शून्य अशी त्याची परतफेड केली. तेव्हांपासून गणती चालूं आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या गणतींत येल कॉलेज सर्वांच्या पुढें होतें. आरंभींच्या काळीं हा खेळ नीट जाणणारीं कॉलेजेंच थोडीं, व त्यांत येल अग्रेसर. त्यामुळें त्याच्या वहींत जयांची रास पडली. हल्लीं येल खेळाडूंस खेळासाठीं म्हणून शिष्यवृत्ति देत नाहीं आणि मिशिगनसारख्यांच्या पंक्तींतही खेळत नाहीं. अशा दोघांचे आकडे शेजारीं मांडून थोर कोण हें ठरविणें म्हणजे आंबे आणि नारळ यांची एकत्र मोजणी करणें होय.

जय मिळाला एवढें सांगून भागत नाहीं; तो कोणावर मिळाला व कसा मिळाला, हें विचारलें पाहिजे. १९१६ सालच्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस अटलांटा शहरीं जॉर्जिया टेकच्या संघानें टेनेसीतील कंबरलंड कॉलेजाचा २२२ विरुद्ध शून्य असा पराभव केला. कंबरलंडनें आपला संघ मोडून टाकला होता. पण न खेळल्यास करारान्वयें तीन हजार डॉलर भरावे लागणार, म्हणून हातीं लागले ते विद्यार्थी जमवून मैदानावर उभे केले होते. दुबळ्यांवर चाललेला तो मारा अखेर वेळ कमी करून आटोपला. आतां गंमत अशी कीं, वहींत हा विजय एकच धरला जातो, आणि तुल्यबळ प्रतिपक्ष्याशीं झुंजून शेवटच्या क्षणीं एका गुणानें मिळविलेला विजयही एकच! आपल्या हायस्कुलांतून भिंतीवर ढाली लावतात, त्यांवर जिंकणाऱ्यांचींच नांवें कोरलेलीं असतात. हरलेल्या संघाचेंही नांव त्यांवर असावें, अशी आमची सूचना आहे. त्यावांचून त्या ढालीचा अर्थच लागत नाहीं.

प्रतिपक्ष हा आपणांस मिळालेला लाभ आहे, शत्रु नव्हे. १८१३ मध्यें मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे विल्यम्स कॉलेजाचे विद्यार्थी. १८२१ सालीं त्याच कॉलेजाचे अध्यक्ष कांहीं विद्यार्थ्यांसह निघून गेले व ॲमहर्स्ट कॉलेज सुरू झालें. जातांना त्यांनीं ग्रंथालयांतील पुस्तकें पळविलीं अशी दंतकथा अद्याप सांगतात. तिला पुरावा मात्र नाहीं. हें भांडण पुढें फुटबॉलच्या मैदानावर आलें, आणि तेथें त्याचा दोन्ही कॉलेजांस अभिमान वाटावा असा वार्षिक सामना झाला.

अलाबामा संस्थानांत नेमकें उलट घडलें. अलाबामा युनिव्हर्सिटी व ऑबर्न यांचा १९०७ चा सामना ६-६ असा बरोबरीनें सुटला. पुढच्या सामन्याचीं बोलणीं खेळाडूंच्या भत्त्यावरून व पंच कोठला आणावा यावरून फिसकटलीं. प्रश्न होता थोड्या डॉलरांचा. पण त्यापायीं एकाच संस्थानांतील हे दोन संघ ४१ वर्षें एकमेकांशीं खेळले नाहींत! या अवधींत दोघांच्याही वह्यांत इतरांवरील विजय भरत होते. परंतु किती पिढ्यांचे विद्यार्थी कॉलेजांत आले आणि गेले, ज्यांस शेजाऱ्याशीं सामना करण्याचा योग आलाच नाहीं! वडील मंडळींच्या हट्टाची किंमत मुलांनीं दिली, असें आम्ही म्हणतों. अखेर ४ डिसेंबर १९४८ रोजीं सकाळीं बर्मिंगहॅमच्या एका उद्यानांत दोन्हीकडील विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्यांनीं एक कुऱ्हाड जमिनींत पुरली. वैर मिटल्याची ती त्या देशांतील जुनी खूण आहे. मग त्याच दिवशीं सामना झाला व अलाबामानें तो ५५ विरुद्ध शून्य असा जिंकला.

कुऱ्हाड पुरली तरी द्वेष कोठें तरी शिल्लक राहतोच. २०१० सालीं ऑबर्ननें २८ विरुद्ध २७ असा जय मिळविला, तेव्हां अलाबामाच्या एका कट्टर पक्षपात्यानें ऑबर्न गांवच्या चौकांतील दोन जुन्या ओक वृक्षांच्या मुळांशीं विष ओतलें. त्याच झाडांभोवतीं जमून ऑबर्नकर विजयाचा आनंद करीत असत. झाडांनीं कोणता सामना जिंकला होता? न्यायालयानें पुढें त्या मनुष्यास शिक्षा दिली. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, झाडांसाठीं वर्गणी जमविण्यास अलाबामाचेच कित्येक पक्षपाती पुढें आले. त्यांच्या संघाच्या पुष्कळ विजयांपेक्षां ही वर्गणी आम्हांस मोठी वाटते. झाडें वांचलीं नाहींत. २०१३ मध्यें तीं काढावीं लागलीं, आणि पुढें त्या चौकांत नवे ओक लाविले.