पोरगं 'चिकटवा', पण कागदावर

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या पत्रकाराला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला असतो, "पोरीला ९२ टक्के पडलेत, फोटो छापा." दुसरा जरा दबक्या आवाजात, "पोरगं पास झालंय, पुढं शिकायचं नाही म्हणतंय, कुठं चिकटवता आलं तर बघा की." पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची होत नाही, म्हणून ही पोस्ट.

"चिकटवा" म्हणताना पगार किती, काम काय, कागद कोणता, हे कुणी विचारत नाही. पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन पडून राहत नाही, एवढ्यावर आईबाप खूश.

मग पोरगं जातं चाकणला, रांजणगावला, वाळूजला. गावातलाच आधी गेलेला कुणीतरी ठेकेदाराचा नंबर देतो. आधार, पासबुक, दोन फोटो. एका खोलीत सहा जण आणि बारा तासांची पाळी. गावात सांगताना "अमक्या कंपनीत लागला". खरं तर तो कंपनीत नाही, ठेकेदाराकडं लागलेला असतो. हा फरक पगार अडकल्यावरच कळतो.

यंदा माझ्याकडं अशी तीन पोरं येऊन गेली. दोघांचा पीएफ कापला जात होता, पण यूएएन नंबर काय असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्याचं बोट मशिनमध्ये गेलं. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं, वर दोन हजार हातावर ठेवले आणि एसटीत बसवून दिलं. त्याची ईएसआयमध्ये नोंद असती, तर उपचार फुकट झाले असते आणि घरी बसलेल्या दिवसांचा साधारण ९० टक्के पगारही मिळाला असता. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठीच तर ती योजना आहे. कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का. म्हणजे दहा हजारांवर ७५ रुपये. तेवढ्यासाठी पोराचं बोट वाऱ्यावर!

आता सरकारचं बघा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ'. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा. पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये बसली. रिकाम्या जागांवरचं काम त्यांनी ओढलं. मुदत संपली आणि हातात प्रमाणपत्र आलं. मग आंदोलनं झाली. सगळ्यांना सरसकट कायम करा, असं मी म्हणणार नाही. जाहिरात न काढता भरती केली तर बाहेर थांबलेल्या पोरांवर तो अन्यायच. पण अकरा महिन्यांनंतर या पोरांचं काय, हे योजना आखताना कुणाला सुचलं नाही? की सुचलं होतं, पण निवडणूक तोंडावर होती?

उरलेली पोरं पहाटे पाचला १६०० मीटर पळतात. २०२४ च्या पोलीस भरतीत जागा सतरा हजारांच्या आसपास आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. पळा बाबांनो, माझी ना नाही. पण शंभरातल्या नव्याण्णवांना शेवटी ठेकेदाराचाच नंबर शोधावा लागतो.

रोजगार मेळाव्यांचंही तेच. "इतक्या जणांना जागेवर नियुक्ती" ही हेडलाईन होते. तीन महिन्यांनी त्यातले किती टिकले, हा आकडा आमदारसाहेबांनी एकदा तरी जाहीर करावा. पहिल्या पानावर छापायला लावतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत. नियुक्तीपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. कायदा नवा आहे, ठेकेदार जुनेच आहेत. म्हणून पत्र मागावं लागेल, आणि अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं मागितलं तर त्याला गेटवरूनच परत पाठवतील. बापानं, मामानं, कुणीतरी सोबत जावं. लग्न ठरवायला दहा माणसं जातात, मग पहिल्या नोकरीला एक जायला काय हरकत आहे?

आणि ज्यांची पोरं आधीच लागलीत, त्यांनी आज रात्री फोन करून एवढंच विचारा, "पगाराची स्लिप मिळते का? यूएएन नंबर सांग." नंबर नसेल तर स्लिप, बँकेच्या नोंदी, गेटपासचा फोटो, जे असेल ते जपून ठेवायला सांगा. तक्रार करायला कामगार आयुक्त कार्यालयात जाताना तेच लागतं.