आधी कढई तपासा

वर्षातून एकदा कर्मचाऱ्याचं रक्त घ्यायचं, एलडीएलचा आकडा लाल अक्षरांत छापायचा आणि 'तळलेलं टाळा' असं सांगून त्याला पुन्हा त्याच कॅन्टीनमध्ये जेवायला पाठवायचं, याला हल्ली 'एम्प्लॉयी वेलनेस' म्हणतात. मी याला जबाबदारी झटकणं म्हणतो.

चाचणी हवीच. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. प्रश्न आहे तो पुढचा. चाकणजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथे चाचणीनंतर एक वेबिनार होतो. त्यात ओट्स, अव्होकाडो आणि ऑलिव्ह ऑइलची महती सांगतात. रात्रपाळीच्या माणसासमोर मात्र मधल्या सुट्टीत वडा नाहीतर समोसा येतो. कॅन्टीनचं कंत्राट सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला मिळतं. त्या दरात रोज ताजं तेल कोण घालणार?

अमेरिकेत बीजेज होलसेल क्लबच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. निवडक ठिकाणी आहार-व्यायामाचे कार्यक्रम राबवले, बाकी ठिकाणी नाही. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपण जास्त व्यायाम करतो, असं लोक सांगत होते; पण १८ महिन्यांनंतरही कोलेस्टेरॉल, रक्तदाब, गैरहजेरी, उपचारांचा खर्च यांत लक्षणीय फरक दिसला नाही. नुसत्या उपदेशाची ताकद एवढीच.

शिवाय 'कर्मचारी' म्हणजे कोण? आमच्या शिबिराच्या यादीत कंत्राटी कामगार नसतात. गेटवरचा वॉचमन नाही, सफाईच्या मावशी नाहीत, कढईपुढे उभा असलेला आचारीही नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतले लोक हृदयविकाराने वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात मेले. कोलेस्टेरॉल, सिगारेट, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही ही दरी पुरती उलगडली नाही. म्हणजे कामाची उतरंडही जीव घेते, आणि आपण नेमकं उतरंडीच्या तळालाच वगळतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. शिबिराच्या यादीत कंत्राटी कामगार घ्या. ज्याचा आकडा वाढलेला आहे, त्याला डॉक्टरकडे जायला भरपगारी रजा द्या. अहवाल त्याच्या हातात द्या, एचआरच्या नाही. रात्रपाळीला उसळ-भाकरी मिळू दे. आणि तेल मोजा. तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम आहे. ते मोजायचं यंत्र हातात मावतं. रोजचा आकडा मेनूशेजारी फळ्यावर लिहा.

कॅन्टीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती. तेव्हा पुढच्या शिबिरात बाही वर करण्याआधी प्रत्येकाने विचारावं: कालचा तेलाचा आकडा किती होता?