ओळ कोणाची?

ई-मेल साध्या मजकुरातच लिहावी, असा आग्रह धरणारी मंडळी एक नियम वेदवाक्यासारखा सांगतात : ओळ ७२ अक्षरांपाशी तोडा. साहित्याच्या अभ्यासकांनी या नियमाला विरोध केला पाहिजे. साध्या मजकुराला नव्हे. रंगीत टंक आणि जोडफायली यांच्या पसाऱ्यापेक्षा तो केव्हाही बरा. विरोध हवा तो यंत्राने परस्पर ओळ तोडण्याला.

या नियमामागे वाचनाचे कोणतेही शास्त्र नाही. आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते. पुढे टर्मिनलच्या पडद्यांनी तीच रुंदी उचलली. उत्तरात उद्धृत ओळींआधी '>' ही खूण चढत जाते, तिच्यासाठी जागा राखून ७२ उरले. 'व्हिम' हा एडिटर तर, आपण वेगळी रुंदी ठरवली नसेल तर, मेलच्या फाइलीसाठी 'टेक्स्टविड्थ' आपण होऊन ७२ करतो.

गद्यात हे खपून जाते. कवितेत खपत नाही. पोथ्यांत ओवी सलग लिहिली तरी दंड आणि यमक यांवरून चरण हाती लागत. कवी अनिलांनी मराठीत रुजवलेल्या मुक्तछंदाला हा आधार नाही. तिथे ओळीचा शेवट हाच लयीचा, पुष्कळदा अर्थाचाही, पुरावा असतो. यंत्राने घातलेला खंड कवीच्या खंडाशेजारी बसला की दोन्ही सारखेच दिसतात. उलट, परिच्छेद नीट करण्यासाठी 'जीक्यू' ही आज्ञा दिली, तर कवीच्या लहान ओळी एकमेकींना चिकटतात. अशा पाठावर समीक्षा कशाची करायची?

प्रमाणकांची ढाल पुढे करणाऱ्यांनी ती प्रमाणके वाचावीत. आरएफसी ५३२२ (२००८) मध्ये ७८ ही केवळ शिफारस आहे. सक्ती ९९८ ची. आरएफसी ६५३२ (२०१२) ही सक्ती बाइटमध्ये मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइटांचे. म्हणजे सुमारे ३३२ चिन्हांत मर्यादा संपते आणि मराठी परिच्छेद ती सहज ओलांडतो. पण त्यासाठी लेखकाने ओळ तोडायची गरज नाही. पाठवणारा प्रोग्रॅम बेस-६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबल पद्धतीने मजकूर बांधतो आणि पलीकडे तो पुन्हा अखंड उलगडतो.

तेव्हा मेलसाठी 'टेक्स्टविड्थ' शून्य करावी. 'रॅप' आणि 'लाइनब्रेक' चालू ठेवावेत. ओळ पडद्यावर दुमडेल, फाइलीत तुटणार नाही. ७२ चा हट्टच असेल, तर आरएफसी ३६७६ (२००४) ने दिलेली सोय वापरावी : यंत्राने तोडलेल्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा, लेखकाने संपवलेल्या ओळीच्या शेवटी काही नाही. व्हिमच्या 'फॉरमॅटऑप्शन्स'मध्ये 'डब्ल्यू' घातले की ही खूण पाळली जाते. मात्र वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमलाही ती कळावी लागते. म्हणून पहिला मार्गच श्रेयस्कर.

पाठभेदांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या एडिटरला नवे पाठभेद निर्माण करू देणे, हे काही अभ्यासकाला शोभणारे नाही.