सायकलचा दिवा दुकानातल्या भिंतीवर नाही, आपल्या काळ्या रानात पाडून बघा



हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले. म्हणजे आपल्या नायगाव तालुक्यात परत रात्री एक-दोनच्या सुमाराला पाणंदीनं माणसं दिसायला लागणार. थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्याची पाळी रात्रीची आली त्याची झोप गेली. मोटार आता मोबाईलवरून घरी बसून चालू करता येते, पण तुषारचे पाईप उचलून पुढं लावायला आणि हळदीत, उसात दारं मोडायला माणूसच जावा लागतो. गावात दुचाक्या लय झाल्या तरी सालगडी, बटईनं करणारे आणि वयस्कर माणसं अजून सायकलवरच जातात. एका हातात बॅटरी, एका हातात हँडल, आणि कॅरिअरला फावडं. कित्येकांकडं तर बॅटरीही नाही, मोबाईलचा टॉर्च शर्टाच्या खिशातून बाहेर काढून ठेवलेला.

बियाणं घेताना आपण दहा जणांना विचारतो. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतो. दिवा घेताना मात्र डब्यावरचा मोठा आकडा बघून पैसे देऊन मोकळे होतो. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, आधी त्याचं बोलू.

अडीचशे-तीनशे रुपयांच्या दिव्याच्या डब्यावर 10000 ल्युमेन लिहिलेलं सर्रास दिसतं. चांगला एलईडी एका वॅटला साधारण 100 ल्युमेन उजेड देतो, थोडा इकडं-तिकडं. म्हणजे 10000 ल्युमेनला 100 वॅट लागले. आता आतला सेल बघा. बोटाएवढा, 18650 नावाचा लिथियम सेल असतो. खरा, चांगला सेल 2000 ते 3500 मिलिअँपिअर-अवरचा. 3000 धरला आणि 3.6 व्होल्टनं गुणला तर जेमतेम 11 वॅट-अवर होतात. 100 वॅटचा दिवा त्यावर सहा-सात मिनिटं चालेल, आणि तेवढ्यात हातात धरवणार नाही इतका तापेल. तुमचा दिवा दोन तास चालतोय ना? मग तो 10000 चा नाही, एवढं कागदावरच कळतं. त्याच आकाराच्या सेलवर 9900 मिलिअँपिअर छापलेलं असलं तरी तीच गोष्ट.

खऱ्या 300 ल्युमेनला तीन वॅट लागतात. एका सेलवर साडेतीन तास. 50 ल्युमेनवर ठेवला तर पंधरा तासांच्या वर. आपल्याला नेमकं हेच पाहिजे. लाईट आठ तास असते, पण आठ तास मोठा उजेड लागत नाही. जाता-येता पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर मोठा, आणि रानात काम करताना बारीक. म्हणून दिव्याला दोन-तीन टप्पे असावेत, आणि बारीक टप्पा खरोखर बारीक असावा. आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच दिव्यांना मोठा, मध्यम आणि लुकलुकणारा असे तीन टप्पे असतात. लुकलुकणाऱ्यावर अंधाऱ्या पाणंदीत सायकल चालवून बघा, खड्डा एकदा दिसतो आणि एकदा गायब होतो.

किती लांब दिसायला पाहिजे याचाही हिशोब सोपा आहे. ताशी 15 किलोमीटरनं गेलं तर सेकंदाला चार मीटरच्या वर सायकल पुढं जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे सहा मीटर. मातीच्या वाटेवर थांबायला अजून तीन-चार मीटर. दहा मीटर झाले. म्हणजे दहा-पंधरा मीटरपर्यंत जमीन स्वच्छ दिसली तर पाणंदीला पुरे. शंभर मीटर लांबचं लिंबाचं झाड दिसून काय करायचं? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळं लांब फेकणाऱ्या दिव्याचा सगळा जोर झाडावर जातो आणि चाकापुढं अंधार राहतो.

आता मुद्द्याचं. दुकानदार दिवा कुठं दाखवतो? चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर. तिथं दोनशे रुपयांचा दिवाही डोळे दिपवतो. आपली वाट पांढरी नाही, काळ्या मातीची आहे. काळी माती उजेड पिऊन टाकते, आणि पाण्यानं ओली झाली की अजून काळी पडून अजून पिते. सिमेंटच्या रस्त्यावर झकास वाटणारा दिवा भिजलेल्या काळ्या रानात निम्मा वाटतो. म्हणून माझं म्हणणं असं की दिवा संध्याकाळी घ्यावा, त्याच रात्री आपल्या पाणंदीत पाडून बघावा, आणि दुकानदाराशी परत द्यायची बोली आधीच करून ठेवावी. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

बघताना जमिनीवर उजेडाचा आकार बघा. साध्या बॅटरीचा झोत गोल असतो. सायकलवर लावला की त्यातला निम्मा वर आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. जर्मनीत रस्त्याचा कायदाच असा आहे की सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला पाहिजे, मोटारीच्या डिपरसारखा. सगळा उजेड खाली रस्त्यावर, आडवा पसरलेला. असे दिवे महाग पडतात. पण गोल झोताच्या दिव्यातही थोडी सोय करता येते. तोंड खाली झुकवायचं आणि काचेच्या वरच्या कडेला काळ्या चिकटपट्टीची टोपी करायची. नरसीच्या बाजूला नांदेड-देगलूर रस्त्यावर समोरून येणारा मोटारसायकलवाला दिपला तर तो आपल्याच अंगावर येतो.

दिवा बसवायचा कुठं, याच्यावर फार कोणी बोलत नाही. डोक्याला बांधायचा दिवा आजकाल सगळ्यांकडं आहे. हात मोकळे राहतात, पाईप उचलताना चांगला. पण सायकलवर त्याच्यात एक खोट आहे. उजेड डोळ्याच्या जवळून निघाला की सावली वस्तूच्या मागं लपते, आपल्याला दिसतच नाही. खड्डा, ढेकूळ, आडवा पडलेला पाईप सगळं सपाट दिसतं. तोच दिवा हँडलवर, किंवा अजून खाली पुढच्या चिमट्यावर असला तर प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि ती लांबूनच दिसते. धुक्यातही तसंच. गोदाकाठच्या गावांना हिवाळ्यात पहाटेचं धुकं नवीन नाही. डोक्यावरचा दिवा तेव्हा नुसता पांढरा पडदा दाखवतो, खालचा दिवा निदान वाट तरी दाखवतो. जुन्या काळ्या सायकलला ब्रेकच्या सळया असतात, त्यामुळं रबरी पट्ट्याचा दिवा हँडलवर नीट बसत नाही, फिरत राहतो. तिथं ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर पट्टा आवळावा किंवा लोहाराकडून लोखंडी पट्टीचा कान करून घ्यावा.

दिवा हँडलवरून एका हातानं, पान्याशिवाय निघाला पाहिजे. ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी अट. कारण धोका सायकलवर जितका आहे त्याहून जास्त उतरल्यावर आहे. सायकल बांधाला टेकवून आपण स्टार्टरच्या पेटीकडं निघतो, वाट आठवणीवर चालतो, आणि दिवा मात्र सायकलवर राहतो. आपल्याकडचे विषारी साप म्हणजे नाग, घोणस, मण्यार, फुरसं. मण्यार तर रात्रीच फिरणारा. काळा अंग, वर बारीक पांढरे पट्टे, काळ्या मातीत पायाखाली येईपर्यंत कळत नाही. घोणस वाळल्या पाल्यात पाल्यासारखीच दिसते. मण्यारची चावल्याची जागा बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, माणूस काटा टोचला म्हणून घरी येऊन झोपतो. आपल्या शेजारी मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारात वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यामुळं आपल्या भागात तरी लोकांना दवाखान्याचा रस्ता माहीत आहे. पण रस्ता माहीत असणं वेगळं आणि चावलंय हे कळणं वेगळं. शंका आली तरी थांबू नये, सरळ दवाखाना. दिव्यासोबत गमबूट आणि काठी हवीच. पाईप उचलायच्या आधी काठीनं हलवायचा, मग हात घालायचा.

डांबरी रस्ता ओलांडून किंवा त्यावरून जावं लागत असेल तर मी म्हणेन, पैसे कमी असतील तर पुढचा दिवा नंतर घ्या, मागचा लाल दिवा आधी. कारखाने सुरू असतात तेव्हा रात्री उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक निघतात. त्या ड्रायव्हरला तुमचा पुढचा दिवा दिसत नाही, तुमची पाठ दिसते. लाल दिव्याला फार उजेड लागत नाही, एका चार्जवर कित्येक रात्री जातो. जोडीला मडगार्डवर लाल रेडियमची पट्टी, पायडलला पिवळं रेडियम. पायडलचं रेडियम वर-खाली होतं, त्यामुळं मागच्याला लांबूनच कळतं की सायकल आहे. सरकारनं 2020 साली सायकलच्या रेडियमसाठी म्हणजे परावर्तकांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, तो नव्या सायकलींना. आपल्या वीस वर्षांच्या सायकलला आपणच चिकटवायचं. आणि हो, ट्रॉल्यांच्या मागंही रेडियम लावा रे बाबांनो, अंधारात उभी ट्रॉली म्हणजे भिंत.

जुनी माणसं डायनामोची आठवण काढतात. बाटलीसारखा, टायरला घासणारा, 6 व्होल्ट 3 वॅटचा. चार्जिंगची भानगड नाही हे त्याचं मोठेपण. पण चिखलात टायरवर घसरतो, आणि सायकल थांबली की दिवा बंद. म्हणजे झोपाटं उघडायला उतरलात की अंधार, नेमका नको तेव्हा. काही पोरांनी फवारणी पंपाची बॅटरी कॅरिअरला बांधून एलईडी लावलेला मी बघितलाय. 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवर म्हणजे 96 वॅट-अवर, पाच वॅटचा दिवा रात्रभर जळतो. जुगाड वाईट नाही. पण दोन-अडीच किलोचं ओझं, आणि हातात घेऊन रानात फिरता येत नाही. मधे फ्यूज मात्र टाका, वायर घासून शॉर्ट झाली तर पेटते.

खरं उत्तर दिवसाची लाईट हेच आहे, त्यात वाद नाही. सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला, 2024 ला मागेल त्याला सौर पंप आला. ज्यांच्या रानात सोलर बसला ते दिवसा पाणी देऊन रात्री घरी झोपतात, तेही रानडुकरं आणि रोही झोपू देतील तर. बाकीच्यांची रात्र अजून तशीच आहे.

आणि त्या रात्रीत जातो कोण? बऱ्याच आखाड्यांवर सालगडी. पाडव्याला साल ठरवताना पैसे बोलून होतात, धान्य बोलून होतं, कपडे-चपला बोलून होतात. दिव्याचं कोणी बोलत नाही. मालक घरातून मोबाईलवर मोटार चालू करतो आणि गड्याला फोन करतो, लाईट आली, जा. माझं स्पष्ट मत आहे, रात्रीच्या पाण्याला माणूस पाठवायचा असेल तर पुढचा दिवा, मागचा लाल आणि गमबूट मालकानं द्यायचे, सालातून कापायचे नाहीत. स्टार्टर जळाला की आपण दुसऱ्या दिवशी नांदेड गाठतो आणि पैसे मोजतो. तिन्ही वस्तू मिळून खर्च त्याच्या आसपासच जातो. खर्चाच्या वहीत मोटार दुरुस्ती, पाईप, डिझेल असे रकाने आहेत, त्यात हा एक वाढवायचा.

दिवा घेतल्यावर दोन-तीन गोष्टी. सेल बदलता येणारा घ्या, नाहीतर सेल गेला की पूर्ण दिवा फेकावा लागतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का बघा. आयपीएक्स 4 लिहिलं असेल तर शिंतोडे, पाऊस चालतो, तुषारच्या खाली तासभर ठेवलेला चालेलच असं नाही. आयपीएक्स 7 असेल तर दंडात पडला तरी लगेच उचलला तर टिकतो. आखाड्याच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात ठेवू नका, लिथियमच्या सेलला आपला मे महिना सोसत नाही. रब्बी संपली की निम्मा चार्ज करून घरात फडताळात ठेवायचा, दोन महिन्यांतून एकदा लावून बघायचा. रिकामा ठेवलेला सेल पुढच्या हरभऱ्यापर्यंत मेलेला असतो.