‘घाशीराम’ला नाटकाच्या फूटपट्टीने मोजू नका

‘घाशीराम कोतवाल’ या चित्रपटाचा विषय पुण्यात निघाला की निकाल आधीच लागलेला असतो: नाटकाची सर नाही. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी रंगमंचावर आले. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य आणि धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची ती झुलणारी मानवी भिंत यांनी प्रेक्षकांना जे दिले, ते पडद्यावर मिळाले नाही, अशी तक्रार असते. 1976 चा हा चित्रपट फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेचा. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चौघे त्याचे दिग्दर्शक. त्यांना नाटक कळले नाही, हा आरोप मला मुळातच मान्य नाही, कारण पटकथा खुद्द तेंडुलकरांची आहे. ज्याने नाटक लिहिले त्यालाच ते पडद्यासाठी नव्याने रचावेसे वाटले असेल, तर ते का, हे विचारणे समीक्षेचे पहिले काम होते.

भिंतीपासूनच सुरुवात करू. नाटकात तीच माणसे क्षणात कीर्तनाचे श्रोते होतात, क्षणात बागेतली झाडे होतात, आणि समोर अत्याचार चालला असताना प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी राहतात. त्या पाठी हे नाटकाचे सर्वांत भेदक विधान आहे. पण ते घडते, कारण प्रेक्षक एका खुर्चीत, एकाच दिशेला तोंड करून बसलेला असतो. पाठ त्याच्याचकडे फिरते. कॅमेऱ्याला अशी ठरलेली खुर्ची नसते. तो भिंतीच्या पलीकडेही जाऊ शकतो, आणि पलीकडे गेला की पाठीमागचे चेहरे दिसणारच. शिवाय नाटकात ताल इतका मोहक आहे की क्रौर्याच्या प्रसंगीही पाय ठेका धरतात. ही नाटकाची ताकद खरीच, पण तीच त्याची जोखीमही आहे. चित्रपट ती गोडी हातची सोडतो. नाना फडणवीस दोन्हीकडे मोहन आगाशेच आहेत. रंगमंचावर त्यांचा नाना चालीतून, अंगविक्षेपांतून नाट्यगृह भरून टाकतो. पडद्यावर मात्र सत्ता जवळून पाहावी लागते, आणि टाळी वाजवून मोकळे होता येत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो नाटकाच्या वेळेपासून चालत आलेला. सालबाईच्या तहापासून खर्ड्यापर्यंत मराठी राज्य सांभाळणाऱ्या नानांसारख्या मुत्सद्द्याला लंपट दाखवले, ही वेदना खोटी नाही. तिला हसून उडवणारे मला पटत नाहीत. पण तेंडुलकरांनी हे नाटक अनैतिहासिक असल्याचे स्वतःच सांगितले होते. मुलगी नानांना देऊन घाशीरामाने कोतवाली मिळवली, हा नाटकातला सौदा कल्पित आहे. कल्पित नाही ते हे: ऑगस्ट 1791 मध्ये घाशीरामाच्या कोठडीत 21 ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. अशा कोतवालाला वर्षानुवर्षे अधिकार कोणाच्या बळावर मिळाला, हा प्रश्न नानांच्या मुत्सद्देगिरीची सारी कदर करूनही उरतोच. चित्रपट आला तो आणीबाणीच्या वर्षात. रात्री परवान्याशिवाय रस्त्यावर दिसला की धरायचा, हा घाशीरामाचा खाक्या 1972 च्या प्रेक्षकाला पेशवाईतला वाटला असेल. 1976 च्या प्रेक्षकाला तो शेजारचा होता.

चित्रपट दुर्बोध आहे, या तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. कथा माहीत नसलेल्याचा धागा सुटतो आणि चार दिग्दर्शकांचे चार स्वभाव नेहमी जुळत नाहीत. तरीही शेवटचा अखंड शॉट पाहावा. जवळजवळ एक पूर्ण रीळ, म्हणजे सुमारे 10 मिनिटे, कुठेही न तोडता तो चालतो, आणि ओम पुरींचा घाशीराम त्यात कोणत्याही संकलनाच्या आडोशाला लपू शकत नाही. रंगमंचावर घाशीरामाचा मृत्यू नृत्यासारखा रचलेला आहे. इथे तो संपेपर्यंत बघत राहावे लागते. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जपलेल्या प्रतीमुळे हा चित्रपट आज डिजिटल रूपात पाहता येतो. विधि महाविद्यालय रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. तिथे हा चित्रपट एकदा लावावा, आणि त्या दिवशी नाटकाच्या आठवणी घरी ठेवून या.