चौथ्या वर्षाचे काय?

९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे पंतप्रधानांच्या हस्ते आयुर्विमा महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेचा प्रारंभ झाला. दहावी उत्तीर्ण झालेल्या, अठरा ते सत्तर वर्षे वयाच्या स्त्रियांना विमा एजंट म्हणून नेमावयाचे आणि जम बसेपर्यंत पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० व तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन द्यावयाचे, अशी ही योजना आहे. कमिशन त्याखेरीज मिळते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत ज्या घरी सोयाबीनच्या पैशातून दुकानदाराची उधारीही पुरती फिटत नाही, त्या घरच्या शिकलेल्या सुनेला दरमहा सात हजारांची ही रक्कम लहान वाटणार नाही. तिने हे काम पत्करले तर तिला नावे ठेवण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु विद्यावेतन तीन वर्षांनी थांबणार आहे, आणि ही पगारी नोकरी नव्हे हे महामंडळाने आरंभीच स्पष्ट केलेले आहे. मग चौथ्या वर्षी तिचे काय? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे; कारण तिच्या आधी ज्यांनी ही वाट धरली, त्या एजंटांच्या अनुभवात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी लिहिलेले आहे.

१९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला महामंडळ अस्तित्वात आले. खाजगी कंपन्यांचे गैरव्यवहार थांबावेत, विमा शहरातील सुखवस्तू वर्गाबाहेर खेड्यापाड्यांत जावा आणि लोकांची बचत राष्ट्राच्या उभारणीस लागावी, हे त्यामागचे हेतू होते. ते मोठ्या प्रमाणावर साध्य झाले, याचे श्रेय केवळ कायद्याला नाही. पावसाळ्यात चिखल तुडवीत आणि उन्हाळ्यात वऱ्हाडच्या उन्हात सायकल हाणीत दर्यापूर, अकोट, बाळापूर, चांदूर बाजारच्या खेड्यांत जो माणूस गेला, तो एजंट होता. महामंडळाच्या कचेरीत बसणाऱ्या कर्मचाऱ्याला वेतनश्रेणी मिळाली, संघटना मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले. एजंटाच्या वाट्याला कमिशन आले. राष्ट्रीयीकरणाने धंद्याची मालकी बदलली. परंतु धंदा आणणाऱ्या माणसाशी असलेले नाते जुन्या कंपन्यांच्या काळात होते तसेच राहिले.

या कमिशनची रचना समजून घेतल्याखेरीज प्रश्नाचे मूळ हाती लागत नाही. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून एजंटाला बोनससह ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळत असे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के. ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षाचा दर २८ टक्क्यांवर आणण्यात आला व नंतरच्या वर्षांचा पाचावरून साडेसात टक्के करण्यात आला. या बदलाला एजंटांच्या संघटनांनी विरोध केला. तत्त्वतः विचार केला तर भार पहिल्या वर्षावरून पुढील वर्षांवर सरकणे योग्य आहे. पॉलिसी टिकविणाऱ्याला मोबदला मिळावयास हवा. पण ज्याच्या गाठी जुन्या पॉलिसी नाहीत, त्याला आजची पोळी कमी करून उद्याच्या तुपाचे आश्वासन दिल्यासारखे हे झाले. शिवाय त्याच वेळी काही प्रचलित योजनांतील विम्याची किमान रक्कम एक लाखावरून दोन लाख करण्यात आली. हप्ताही त्याच प्रमाणात वाढला, आणि शेतमजुराचे घर एजंटाच्या यादीतून आपोआप गळले.

विमा सखीचाच हिशेब मांडून पाहावा. वर्षाला चोवीस जणांचा विमा उतरविणे तिला बंधनकारक आहे. प्रत्येक पॉलिसीचा वार्षिक हप्ता दहा हजार धरला तर नवा हप्ता २,४०,००० रुपये होतो आणि २८ टक्क्यांनी कमिशन ६७,२०० रुपये. दरसालच्या पॉलिसींपैकी एक तृतीयांश पहिल्या वर्षानंतर बंद पडल्या असे मानले, तर प्रत्येक मागील वर्षापोटी तिला साडेसात टक्क्यांनी १२,००० रुपये मिळत राहतील. तिसऱ्या वर्षी नवे कमिशन, मागील दोन वर्षांचे २४,००० आणि विद्यावेतनाचे ६०,००० मिळून १,५१,२०० रुपये, म्हणजे दरमहा १२,६०० रुपये पडतात. चौथ्या वर्षी विद्यावेतन नाही. तोवर माहेर, सासर, बचतगट आणि ओळखीची घरे संपलेली असतात. समजा, नव्या पॉलिसी निम्म्यावर, म्हणजे बारावर आल्या. तर नवे कमिशन ३३,६०० आणि जुने ३६,०००, एकूण ६९,६०० रुपये. दरमहा ५,८००. पेट्रोल, फोन आणि तालुक्याच्या खेपा यांतूनच वजा करावयाच्या. उमेदीने काम करणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली यावे, आणि तिने काही चूक केलेली नसावी, अशी ही रचना आहे.

यावर कोणी म्हणेल की चिकाटीने दहा-पंधरा वर्षे काढणाऱ्याचा जम बसतोच. काहींचा बसतो, हे खरे आहे. अमरावती-अकोल्यातही मोटारीतून फिरणारे, महामंडळाच्या मानाच्या क्लबांचे सभासद असलेले एजंट आहेत आणि भरतीच्या सभेत व्यासपीठावर त्यांनाच बसविले जाते. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महामंडळाच्याच आकडेवारीनुसार महाराष्ट्रातील १ लाख ६१ हजारांहून अधिक एजंटांचे सरासरी मासिक उत्पन्न १४,९३१ रुपये होते. या सरासरीत मुंबई-पुण्याच्या मोठ्या एजंटांची मोठी कमाईही मिसळलेली आहे. तेव्हा खेड्यातील सामान्य एजंटाच्या हाती त्याहून कमीच पडत असणार, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वऱ्हाडात या सर्वसाधारण अडचणीत आणखी एक भर पडते. येथील एजंटाचे उत्पन्न कपाशीच्या बोंडाला बांधलेले आहे. पावसावरची शेती, पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्टा आणि बाजारभावाची लहर यांवर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. दसऱ्यानंतर सोयाबीनचा पैसा येतो, दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येऊ लागतो आणि उलंगवाडी झाली की हात पुन्हा रिकामे होतात. हप्त्याची तारीख मात्र पॉलिसी काढली त्या दिवसावरून ठरते. वार्षिक हप्त्याला सवलतीचे तीस दिवस मिळतात. पीक हाती येण्यास तेवढे पुरत नाहीत. जूनमध्ये हप्ता आणि बियाणे यांत निवड करावयाची झाली तर शेतकरी बियाणेच घेणार. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजारात दीर्घकाळ त्याखाली विक्री झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क स्थगित केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे नेमका वऱ्हाडचा कापूस बाजारात येण्याच्या वेळी परदेशी कापसाला दार मोकळे राहिले. अशा निर्णयाची झळ शेतकऱ्यापाशी थांबत नाही. त्याची पॉलिसी बंद पडते तेव्हा एजंटाचे साडेसात टक्केही जातात.

पगारदार वर्ग हा पूर्वी या एजंटांचा भक्कम आधार होता. शिक्षक, विद्युत मंडळाचे कामगार, एस.टी.चे कर्मचारी, गिरणी कामगार यांचे हप्ते पगारातून परस्पर कापले जात. पॉलिसी सहसा बंद पडत नसे. आता विनाअनुदानित शाळेतील शिक्षक वर्षानुवर्षे पगाराची वाट पाहतो, कचेऱ्यांत कंत्राटी माणसे भरली जातात आणि गिरण्यांची गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, तेव्हा कामगारांच्या मजुरीबरोबर त्या मजुरीवर उभ्या असलेल्या कितीतरी लहान धंद्यांचा पायाही खचला. स्थिर उत्पन्नाची नोकरी जसजशी नाहीशी होते, तसतसा तीस वर्षे हप्ता भरू शकणारा माणूसही नाहीसा होतो. ज्या व्यवस्थेने ही नोकरी संपविली, तीच बेरोजगार तरुणाला आता विमा विकावयास पाठविते. त्याने तो विकावा कोणाला?

या ओढाताणीचे परिणाम एजंटाच्या वर्तनावरही होतात व ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या कमिशनमधून ग्राहकाला हप्त्याची सूट देणे १९३८ च्या विमा कायद्याने निषिद्ध आहे. तरीही पहिला हप्ता स्वतः भरून पॉलिसी ‘बसविण्याची’ चाल सर्वांना ठाऊक आहे. एजन्सी टिकविण्यासाठी वर्षाची किमान संख्या गाठावीच लागते, म्हणून मार्च महिन्यात नात्यागोत्यात नको असलेल्या पॉलिसी काढल्या जातात. ज्याला अल्प हप्त्यात मोठ्या रकमेच्या निव्वळ विमा-संरक्षणाची गरज आहे, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला न झेपणारी बचतीची पॉलिसी गळ्यात घातली जाते. दोन वर्षांनी ती बंद पडते. घरचा कर्ता पुढे अकाली गेला तर बायकोच्या हाती दाव्याचा धनादेश येत नाही, बंद पडलेल्या पॉलिसीचा कागद येतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या प्रदेशात हे नुकसान आकड्यांत मांडता येणारे नाही. यात एजंटाचा दोष आहेच. पण ज्या रचनेत विकण्याला २८ रुपये आणि सांभाळण्याला साडेसात रुपये मिळतात, त्या रचनेचा दोष त्याहून मोठा आहे.

दरम्यान विमाक्षेत्राची धोरणे निराळ्याच दिशेने चालली आहेत. १९९४ च्या मल्होत्रा समितीच्या अहवालानंतर खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. परदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ व २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. मे २०२२ मध्ये महामंडळाचे साडेतीन टक्के भाग सरकारने बाजारात विकले. बँका कर्ज देताना विमा पुढे करतात, कंपन्या मोबाईलवर पॉलिसी विकतात, आणि एजंट हा कालबाह्य मध्यस्थ आहे असे सांगितले जाते. परंतु पातूरच्या एखाद्या विधवेला मृत्यूचा दाखला, वारसनोंद आणि बँकेचे खाते यांचा मेळ घालून दावा मिळवून द्यावयाचा असतो, तेव्हा मोबाईल तिच्या दारी येत नाही. एजंट येतो. या कामाबद्दल त्याला एक पैही मिळत नाही.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने एजंटांच्या उपदानाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख केली व त्यांच्या मुदत विम्याची रक्कम वाढविली. तेरा लाखांहून अधिक एजंटांच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह होते, पण त्याने मासिक उत्पन्नाचा प्रश्न सुटत नाही. मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. कोरडवाहू जिल्ह्यांत पीक येण्याच्या महिन्यांशी हप्त्याची तारीख जुळवून द्यावी, आणि दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत सवलतीची मुदत वाढवून बिनव्याजी पुनरुज्जीवन करावे. पाच वर्षे चालू राहिलेल्या प्रत्येक पॉलिसीमागे एजंटाला सेवेचा वेगळा मोबदला द्यावा. दाव्याच्या कामाचा त्यात समावेश असावा. काम सोडून गेलेल्या एजंटांच्या पॉलिसी विमा सखींकडे मोबदल्यासह सोपवाव्यात, म्हणजे चौथ्या वर्षी त्यांच्या पायाखाली काही जमीन राहील. एजंटाच्या कमिशनमधून ठरावीक अंश आणि तेवढीच भर महामंडळाकडून, असा भविष्यनिर्वाह निधी उभारावा. आणि नेमणुकीच्या वेळी प्रत्येक उमेदवारापुढे यशस्वी एजंटाच्या मोटारीऐवजी पाच वर्षांचा खराखुरा हिशेब ठेवावा.

कार्यकर्त्यांनीही या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. विमा एजंट दिसला की रस्ता बदलणे हा मध्यमवर्गीय विनोद झाला. शेतमजूर, हमाल, अंगणवाडी सेविका यांच्या संघटनांत आपण जे प्रश्न मांडतो, तेच प्रश्न या बॅग घेऊन फिरणाऱ्या स्त्री-पुरुषांचे आहेत. फक्त त्यांना कोणी श्रमिक म्हणत नाही आणि तेही स्वतःला म्हणवून घेत नाहीत. गावोगावच्या शाखांनी एवढे तरी आजपासून करावे: गावातील बंद पडलेल्या पॉलिसींची यादी करावी, महामंडळ पुनरुज्जीवनाची मोहीम काढील तेव्हा ती गावात आणावी, आणि नव्याने एजन्सी घेणाऱ्या मुलीजवळ बसून वर मांडला तसा हिशेब तिला करून दाखवावा.

महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेतून घेतले आहे. शरण आलेल्याचा योगक्षेम वाहण्याचे ते अभिवचन आहे. पॉलिसीधारकाला दिलेले ते वचन खेड्यात ज्याच्या खांद्यावरून जाते, त्याच्या योगक्षेमाची जबाबदारी आजवर कोणी घेतलेली नाही. पहिल्या विमा सखींचे विद्यावेतन २०२७ च्या अखेरीस संपेल. तोपर्यंत ही जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे.